सिंहगड (मराठी बोलपट, १९३३)

सिंहगड : कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये निर्मिलेला मराठी ऐतिहासिक बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम (१९०१–९०), छायालेखक केशवराव धायबर, संगीत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५). शंकरराव भोसले, बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक, केशवराव धायबर, लीला चंद्रगिरी, प्रभावती इत्यादींनी त्यात भूमिका केल्या. कथा हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या गड आला पण सिंह गेला (१९०३) या कादंबरीवरून घेतलेली असून कोंढाणा किल्ल्याची लढाई व तीत तानाजी मालुसरे यांस आलेले वीरमरण हा तिचा विषय आहे. प्रणय, अपहरण, संकट आणि ऐनवेळची सुटका या अतिनाट्याच्या ठरीव घटकांची एका सुप्रसिद्ध ऐतिहासिक घटनेशी सांगड घातली गेली, ती प्रथम कादंबरीत आणि नंतर पडद्यावर. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा साचा ठरण्याच्या दृष्टीने ही सांगड महत्त्वाची आहे. तीमुळे मूळ घटनेचा आणि घटनेच्या नायकाचा चेहरामोहरा किती बदलला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष घटनेविषयी निश्चितपणे सांगता येण्याजोगे फार थोडे आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांच्या हवाली केले, त्यांत कोंढाणा होता. १६७० च्या आरंभी तह मोडला आणि गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. माघ वद्य नवमी, शके १५९१ (४ फेब्रुवारी १६७०) च्या रात्री तानाजी निवडक मावळ्यांनिशी कड्यावरून गडावर चढला. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत हा प्रसंग मोजक्या वाक्यांत येतो. तानाजीबरोबर पाचशे माणूस होते. उत्तम चढणारे दोघे पुढे झाले. गडाचा रजपूत किल्लेदार उदेभान आणि तानाजी यांची गाठ पडून दोघेही ठार झाले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोकांस सावरून गड सर केला आणि पागेच्या घरांस आग लावून राजगडावर विजयाची खूण केली, एवढाच त्याचा वृत्तान्त आहे. त्यात घोरपड नाही, रायबाचे लग्न नाही, आणि गडावर कोंडलेली कोणी स्त्रीही नाही. तानाजीच्या मृत्यूवरून गडाला ‘सिंहगड’ हे नाव पडले, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु १६७० पूर्वीच्या कागदपत्रांत हे नाव आढळते, तेव्हा तीही मागाहून जुळविलेली व्युत्पत्तीच म्हटली पाहिजे.

तानाजीचे उमरठ हे गाव रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगराळ भागात आहे. त्याचे मूळ घराणे घाटावरचे, पाचगणीजवळच्या गोडवली गावचे समजले जाते. महाड आणि पोलादपूर ही सावित्रीच्या खोऱ्यातील दोन ठाणी. महाड हे खाडीवरून येणाऱ्या मालाचे जुने बंदर होते, तर पोलादपूर महाबळेश्वराकडे चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वसलेले आहे. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या अंमलाखाली होता. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर तो स्वराज्यात आला आणि लगेचच प्रतापगडाच्या बांधकामास आरंभ झाला. घाट आणि कोकण यांच्या सांध्यावरील अशा गावी भरवशाचा सरदार असणे किती मोलाचे होते, हे नकाशावर नजर टाकली तरी कळते. उमरठ येथे तानाजी व त्याचा मामा शेलार यांच्या समाध्या दाखविल्या जातात.

तानाजीचे सर्वांत जुने व विश्वसनीय चित्र ज्याने रेखाटले, त्या कवींद्र परमानंदाची समाधीही याच तालुक्यात, पोलादपूर गावी आहे. त्याच्या शिवभारत या संस्कृत काव्यात १६६१ च्या कोकण मोहिमेतील संगमेश्वरचा प्रसंग आहे. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री अवचित हल्ला केला असता पिलाजी नावाचा सरदार पळू लागला. तानाजीने त्याला धरून आणले, दोराने धोंड्याशी जखडून ठेवले आणि त्याच्या देखत शत्रूशी झुंज दिली. या चित्रातला तानाजी कठोर, रोखठोक व काहीसा खोचक विनोद करणारा सेनानी आहे. शिवभारत काव्य १६७० पर्यंत पोहोचत नाही, त्याआधीच ते खंडित होते. त्यामुळे तानाजीला प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीतील या कवीकडून कोंढाण्याची हकीकत मिळाली नाही आणि ती पोकळी शाहिरांनी भरून काढली. संगमेश्वरचा धोंडा मात्र ना कादंबरीकारास आठवला, ना बोलपटवाल्यांस.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा हा तानाजीच्या कथेचा खरा उगम होय. एच्. ए. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहाने तो सुशिक्षित वाचकांपुढे आला आणि ॲक्वर्थने १८९४ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतरही छापले. प्रतापगडावर केस विंचरीत बसलेल्या जिजाबाईंच्या दृष्टीस कोंढाणा पडतो आणि तो घेण्याचा त्या हट्ट धरतात. रायबाचे लग्न टाकून तानाजी उमरठहून निघतो. बरोबर ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणि बारा हजार फौज असते. यशवंती घोरपड कड्यावर चढते. सभासदाचे पाचशे लोक येथे बारा हजार होतात, हा शाहिरी गणिताचा नेहमीचा नमुना. उदेभानाला अठरा बायका आहेत, परंतु त्याने पळवून आणलेली नायिका येथेही नाही. पोवाड्याचा सारा ताण घरच्या कार्याकडून धन्याच्या कार्याकडे वळणाऱ्या एका गृहस्थावर आहे. लग्नघरात वाजंत्री थांबते आणि वऱ्हाडाचे लष्कर होते. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला यापरते नाट्य नको होते. या पोवाड्यातील अतिशयोक्ती आणि रचना पाहता तो घटनेनंतर बऱ्याच काळाने आजच्या रूपास आला असावा. तथापि उमरठचे नाव महाराष्ट्रभर झाले, ते त्याच्यामुळेच.

हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहिताना पोवाड्याचा हा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला, पण त्यापूर्वी एक निराळेच दालन बांधले. रजपुतान्यातील कमलकुमारी ही तरुण विधवा पतीमागे सती जाण्यास निघाली असता, तिच्यावर पूर्वीपासून डोळा ठेवून असलेला उदेभान तिला पळवितो, कोंढाण्यावर आणून कोंडतो आणि विवाहास मान्यता देण्यासाठी तिला मुदत घालून देतो. मुदतीचा शेवट आणि तानाजीचा हल्ला एकाच रात्री येतात. नायिकेच्या संकटाची घटका आणि दोराला लटकलेले मावळे यांचा असा मेळ घातल्यावर वाचकाने पुस्तक खाली ठेवू नये, अशी व्यवस्था आपोआप होते. करमणूक साप्ताहिक चालविणाऱ्या आपट्यांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावण्याचे हे तंत्र चांगले अवगत होते. युरोपीय ऐतिहासिक अद्भुतकथांतून, विशेषतः स्कॉटच्या कादंबऱ्यांतून रुळलेला साचा मराठीत कसा मुरला, याचे हे ठळक उदाहरण होय.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. पण लक्षात कोण घेतो या कादंबरीत विधवेच्या वाट्यास येणाऱ्या छळाचे अंगावर शहारे आणणारे चित्र काढणारे हेच आपटे. सामाजिक कादंबरीत त्यांनी विधवेला जगण्याचा हक्क मागितला आणि ऐतिहासिक कादंबरीत तिच्या मरण्याच्या निश्चयालाच तिचे शील मानले. मुंबई इलाख्यात सतीची चाल १८३० मध्ये कायद्याने बंद झाली होती. ती जाऊन सत्तर वर्षे लोटल्यावरच तिच्याकडे असे भाविक दृष्टीने पाहणे शक्य झाले असावे. कमलकुमारीचा शोध सभासदाच्या बखरीत किंवा तुळशीदासाच्या पोवाड्यात घेऊन उपयोग नाही. ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मध्यमवर्गीय मनाची निर्मिती आहे.

या कथेला पडद्यावर प्रथम आणले, ते बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सिंहगड हा मूकपट १९२३ मध्ये निघाला. रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाशयोजना करून त्यांनी भारतीय चित्रणात नवा पायंडा पाडला. तोपर्यंत चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे आणि काळोखातला कडा दाखविण्याची सोय नव्हती. ऐंशी वर्षांच्या शेलारमामाची भूमिका जेमतेम बाविशीतील शांताराम वणकुद्रे या उमेदवार नटाने केली. मूकपटास लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगितले जाते. मुंबई इलाख्यातील करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे, हे खरे. परंतु सरकारी तिजोरीची तूट एवढे कारण त्याला पुरेसे होते आणि ही आख्यायिका चित्रपटाच्या लोकप्रियतेचे माप म्हणूनच घ्यावी. बाबूरावांचे बहुतेक मूकपट पुढे नष्ट झाले.

शांताराम, विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यांतील पहिले चौघे बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले होते. प्रभातच्या उदयकाल (१९३०) या मूकपटात शांतारामांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. त्या मूकपटाचे मूळ नाव स्वराज्याचे तोरण असे होते. ‘स्वराज्य’ हा शब्द परीक्षण मंडळाला खपला नाही आणि नाव बदलावे लागले. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मंडळाची भीती समजते. शिवकालीन विषय हाताळणाऱ्या निर्मात्याला पुढील काही वर्षे ही वेस सांभाळून चालावे लागले. विनायक दामोदर सावरकर यांचा सिंहगडाचा पोवाडा सरकारने जप्त केलेला होताच. अशा वेळी अपहृत अबलेची सुटका हा भाग निर्मात्याच्या पथ्यावर पडणारा होता. राज्याविरुद्धचे बंड एका दुष्ट माणसाविरुद्धच्या सूडाच्या रूपात मांडले की परीक्षकाला हरकत घेण्यास जागा उरत नसे आणि प्रेक्षकाला घ्यायचा तो अर्थ तो घेतच असे.

आलम आरा १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला आणि प्रभातचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट फेब्रुवारी १९३२ मध्ये आला. त्यानंतर वर्षभरातच सिंहगड तयार होत होता. ध्वनीचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. चित्रणयंत्राचा आवाज ध्वनिमुद्रणात मिसळू न देणे, नटांना ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात ठेवणे, गाणाऱ्याने चित्रणाच्या वेळीच प्रत्यक्ष गाणे आणि वाद्यवृंदाने दृष्टीआड राहून त्याच वेळी साथ करणे, ही सगळी कसरत करावी लागे. पार्श्वगायनाची सोय १९३५ मध्ये कलकत्त्यात झाली. मूकपटाला जे सहज जमत होते, म्हणजे धावते घोडे, गर्दी, कडा आणि मोकळे आकाश, तेच बोलपटाला अवघड होऊन बसले. आरंभीचे अनेक बोलपट यामुळे चित्रित केलेल्या संगीत नाटकांसारखे झाले. सिंहगडच्या विषयात मात्र लढाई आणि कडा टाळणे शक्यच नव्हते. पौराणिक राजवाड्यातून बोलपटाला डोंगरात नेण्याचे आव्हान शांतारामांनी येथे पत्करले. बाबूरावांच्या तालमीत शिकलेली दृश्याची जाण आणि दामल्यांचे ध्वनीवरील प्रभुत्व यांची कसोटी अशा विषयातच लागणार होती. संगीताची बाजू किर्लोस्कर व गंधर्व मंडळींच्या परंपरेतील टेंब्यांकडे होती. त्यामुळे नाट्यगृहाचा प्रेक्षकही बोलपटाकडे ओढला गेला.

बोलपटाच्या कथेत दोन धागे समांतर चालतात. एक कोंढाण्यावरच्या कमलकुमारीचा, दुसरा उमरठच्या लग्नघराचा. रचनेच्या दृष्टीने पहिला धागा सोयीचा आहे, कारण खलनायकाला कृती मिळते, गडाच्या आतील भाग दाखविण्यास निमित्त मिळते, गीतांना जागा मिळते आणि मुदतीच्या घटिका मोजता येतात. परंतु दुसऱ्या धाग्याचे वजन अधिक आहे. पोटच्या मुलाचे लग्न आणि जिवावरची कामगिरी यांतून तानाजी निवड करतो, तेव्हा त्याच्यासमोर कोणी खलनायक उभा नसतो. तो पेच बाहेरून आणलेला नाही. खेड्यातील प्रेक्षकाने हा प्रसंग पोवाड्यातून पूर्वीच आपलासा केला होता आणि चित्रपटगृहात त्याची ओळख पटत असे ती उमरठशी, रजपुतान्याशी नव्हे. कमलकुमारीमुळे कथेची गती वाढते, हे मान्य केले तरी तानाजीच्या कृत्याचे कारण तिच्यामुळे बदलते. मोगलांच्या ताब्यातील मोक्याचा किल्ला परत घेणे हा सरळ लष्करी हेतू मागे पडतो आणि स्त्रीरक्षणाचा हेतू पुढे येतो. उदेभान हा मोगलांच्या चाकरीत इमानाने लढून मेलेला रजपूत किल्लेदार होता. त्याचा कामांध खलपुरुष झाला, तोही याच सोयीखातर. सभासदाने या दोघांना तुल्यबळ योद्धे म्हणून एकमेकांच्या हातून मरताना दाखविले आहे. बखरीचा हा न्याय अतिनाट्याला परवडणारा नव्हता.

प्रभात कंपनी १९३३ मध्येच पुण्यास गेली. तेथे अमृतमंथन (१९३४), कुंकू (१९३७), माणूस (१९३९) हे शांतारामांचे गाजलेले चित्रपट झाले. पुढे मराठी ऐतिहासिक चित्रपटाची धुरा भालजी पेंढारकर यांनी वाहिली. थोरातांची कमळा (१९४१) मध्ये इतिहास व प्रणय यांची तीच सांगड दिसते. सिंहगडच्या साच्याचे आयुष्य किती दीर्घ आहे, ते तान्हाजी (२०२०) या ओम राऊत दिग्दर्शित हिंदी चित्रपटाने दाखवून दिले. त्यात अजय देवगण तानाजीच्या व सैफ अली खान उदेभानाच्या भूमिकेत आहे आणि गडावर कोंडलेली रजपूत विधवा कमलही आहे. कादंबरीनंतर एकशे सतरा वर्षांनी तिला पुन्हा इतिहासातील व्यक्ती समजून स्वीकारणारे प्रेक्षक कमी नव्हते. तानाजीवरील सुभेदार हा दिग्पाल लांजेकर यांचा मराठी चित्रपट २०२३ मध्ये आला.

तानाजीच्या अंत्ययात्रेची आठवण मात्र चित्रपटांपेक्षा गावोगावच्या परंपरेने अधिक जपली. सिंहगडाहून त्याचे शव राजगडमार्गे घाट उतरवून उमरठला आणले, असे सांगतात. वेल्हे भागातील केळदजवळचा जो घाट त्यासाठी वापरला, त्याला मढे घाट हे नाव त्यावरूनच मिळाले, अशी महाडकडील समजूत आहे. नाव आधीचे की कथा आधीची, हा प्रश्न येथेही उपस्थित करता येतो. परंतु राजगडाकडून सावित्रीच्या खोऱ्यात उतरणारी ही जुनी वाट आहे आणि त्या वाटेनेच शव नेले जाणे भूगोलास धरून आहे. ज्याचे लग्न राहिले, त्या रायबाला पुढे चंदगड भागातील पारगडाची किल्लेदारी मिळाल्याचे मालुसरे घराण्याची परंपरा सांगते. या घराण्याची शाखा तेथे नांदली. तो गड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे ज्या शहरात १९२३ चा मूकपट आणि १९३३ चा बोलपट निघाला, त्याच जिल्ह्यात आहे.